अ‍ॅलिगेटर असलेल्या उथळ खाडीत उतरून गळ टाकताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

टेक्ससच्या आखाती किनाऱ्यावर गुडघाभर ते मांडीभर पाण्यात चालत गळ टाकण्याला ‘वेड फिशिंग’ म्हणतात. ह्यूस्टन परिसरात राहणारी आपली बरीच मंडळी आता ईस्ट बे, ट्रिनिटी बे आणि सबाइन लेकच्या किनाऱ्यांवर यासाठी जाऊ लागली आहेत, आणि मला वारंवार त्याच तीन चुका दिसतात: पकडलेला मासा कमरेला बांधून फिरणे, गवतातून वाट काढत पाण्यात शिरणे, आणि संध्याकाळी मासे चांगले लागू लागले म्हणून अंधार पडेपर्यंत पाण्यातच थांबणे. अ‍ॅलिगेटर बहुधा माणसासाठी येत नाही. तो आपल्या माशाच्या धडपडीकडे आणि पाण्यावर होणाऱ्या खळबळीकडे येतो. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: त्याला आपल्याकडे ओढणारी कोणतीही गोष्ट अंगाला बांधलेली नसावी, आणि परतीची वाट पाण्यात उतरण्याआधी ठरलेली असावी.

सुरुवातीलाच एक मर्यादा स्पष्ट करतो. येथे दिलेली अंतरे आणि अंदाज अमेरिकेतील अ‍ॅलिगेटरसाठी आहेत. सांगलीजवळच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत किंवा गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यात जी मगर आहे, ती वेगळी जात असून माणसाच्या बाबतीत अधिक धोकादायक मानली जाते. हा लेख वाचून तेथे पाण्यात उतरू नये.

१. दिवस ठरवणे

अ‍ॅलिगेटर थंड रक्ताचा प्राणी असल्याने त्याची हालचाल तापमानावर अवलंबून असते. पारा साधारण ७० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २१ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्याचे खाणे मंदावते, आणि ५५ अंश फॅरनहाइटच्या म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली तो बहुतेक वेळ निपचित असतो. म्हणून ज्यांना हा प्रकार नव्याने शिकायचा आहे, त्यांनी पहिल्या चार-पाच खेपा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कराव्यात असे माझे ठाम मत आहे. वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणारा जलरोधक पोशाख, घालावा लागतो आणि हात गारठतात, पण मोठे स्पेकल्ड ट्राउट मासे मिळण्यासाठी हाच उत्तम काळ असतो आणि चालण्याची शिस्त निवांतपणे अंगवळणी पडते. हिवाळ्यातही उबदार दुपारी अ‍ॅलिगेटर उन्हात येऊन पडतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

एप्रिल-मे हा त्यांचा जोडीदार शोधण्याचा काळ असून या दिवसांत नर बरेच भटकतात. जून-जुलैमध्ये मादी अंडी घालते, पिल्ले साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बाहेर येतात, आणि या संपूर्ण काळात मादी घरट्याजवळ राखण करते. या चार महिन्यांत गवताच्या कडेशी जाण्याची गरजच पडणार नाही अशी जागा निवडावी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खारटपणाची, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या कार्यक्षम ग्रंथी असतात. अ‍ॅलिगेटरला तशा नसतात. तो काही तास किंवा काही दिवस खाऱ्या पाण्यात राहू शकतो, पण त्याला गोड्या पाण्याकडे परतावेच लागते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात खाडीचे पाणी खारट झाले की तो बायूच्या, म्हणजे दलदलीतून येणाऱ्या संथ ओढ्याच्या, वरच्या भागात सरकतो. उलट ट्रिनिटी, सॅन जसिंटो किंवा सबाइन नदीला पूर येऊन गोडे पाणी खाडीत पसरले की तो थेट मोकळ्या किनाऱ्यापर्यंत येतो. २०१७ च्या ऑगस्टमधील हार्वी वादळासारख्या पुरानंतर ज्या पाण्यात एरवी अ‍ॅलिगेटर अपेक्षित नसतो, तेथेही तो असू शकतो हे गृहीत धरावे. टेक्ससच्या जलविकास मंडळाच्या मोजणी केंद्रांवरील खारटपणाचे आकडे कोणालाही पाहता येतात. निघण्याच्या आदल्या रात्री ते पाहावेत, आणि मागील दोन आठवड्यांच्या तुलनेत खारटपणा एकदम घसरलेला दिसला तर नदीमुखापासून दूरची जागा निवडावी.

इशारा: हा आडाखा दक्षिण फ्लोरिडात लागू पडत नाही. तेथे अ‍ॅलिगेटरबरोबर अमेरिकन क्रोकोडाइलही राहतो आणि तो खाऱ्या पाण्यात सहज वावरतो.

२. जागा निवडणे आणि परतीची वाट

उपग्रहाच्या नकाशावर किनारा जवळून पाहावा. ईस्ट बेच्या उत्तर किनाऱ्यावर अ‍ॅनाहुआक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाची हद्द आहे. हा भाग रेडफिश या माशासाठी चांगला आहे, आणि टेक्ससमधील अ‍ॅलिगेटरांची दाट वस्तीही याच परिसरात आहे. नकाशावर तीन गोष्टी शोधाव्यात: बायूची मुखे, किनाऱ्याच्या आत असलेली गोड्या पाण्याची तळी, आणि गवत नसलेले वाळूचे किंवा शिंपल्यांचे पट्टे. पहिल्या दोन गोष्टींपासून शक्य तितके दूर आणि तिसरीच्या जवळ, अशी उतरण्याची जागा असावी.

ओहोटीच्या वेळी बायूच्या मुखातून कोळंबी आणि लहान मासे बाहेर वाहत येतात, त्यांच्या मागे रेडफिश जमतात आणि अ‍ॅलिगेटरही तेथेच टपून असतो. अशा मुखात मधोमध उभे राहणे म्हणजे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहणे होय. मुखाच्या बाहेर, एका बाजूला, कठीण तळावर उभे राहून प्रवाहात गळ सोडावा.

आता परतीची वाट. गाडीपासून पाण्यापर्यंत येण्याच्या वाटेखेरीज किनाऱ्यावर चढता येईल अशी दुसरी मोकळी जागा दोन-तीनशे मीटरच्या आत असली पाहिजे. ती नसेल, तर मासे कितीही असोत, ती जागा सोडून द्यावी. आखाती किनाऱ्यावरची भरती-ओहोटी कोकणाच्या तुलनेत फारच लहान, बहुधा एक-दोन फुटांची असते आणि कित्येक दिवस दिवसातून एकदाच येते. मात्र वारा पाण्याची पातळी त्याहून अधिक बदलतो. दक्षिणेचा जोरदार वारा पाणी गवतात चढवतो आणि थंडीतला उत्तरेचा वारा ते खाडीबाहेर ढकलतो. जाताना मांडीभर असलेले पाणी येताना कमरेच्या वर असू शकते, म्हणून फक्त भरतीचे वेळापत्रक पाहून निघू नये.

३. परवाना आणि साहित्य

सतरा वर्षे व त्यावरील व्यक्तीला टेक्ससचा मासेमारी परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची जोड लागते. राज्यात सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्याशिवाय रहिवाशांच्या दराचा परवाना घेता येत नाही, आणि नव्याने आलेल्या मंडळींची नेमकी येथेच गल्लत होते. सध्या, मोठ्या माशासाठीचा खास टॅग वापरला नाही तर, रेडफिश २० ते २८ इंच आणि स्पेकल्ड ट्राउट १५ ते २० इंच या मापातच ठेवता येतो, दोन्ही दिवसाला प्रत्येकी तीन. नियम बदलत असतात, म्हणून दर सप्टेंबरला नव्या परवान्याबरोबर ते पुन्हा वाचावेत.

साहित्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या वस्तू दोन: घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाकटाच्या काट्यापासून संरक्षण देणारे बूट, आणि एका हाताने काढता येईल असा, छातीवर लावलेला चाकू. त्यांच्या जोडीला पोलराइज्ड चष्मा, कमरेला बांधायचे फुगणारे जीवरक्षक, शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, लहान दुर्बीण आणि माशाच्या तोंडातून गळ काढण्याची लांब चिमटी. वेडर्स घातले असतील तर त्यांवर कमरेचा पट्टा घट्ट आवळलेला असावा, कारण पडल्यावर त्यांत पाणी भरू देत नाही तो पट्टाच. गाडीत बर्फाची मोठी पेटी, पिण्याचे पाच लिटर पाणी, साबण आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवावा. थर्मास चहासाठी नाही, त्याचे कारण पुढे येईल.

कुत्रा बरोबर नेऊ नये. त्याचा आकार, आवाज आणि पाण्यातली हालचाल ही अ‍ॅलिगेटरच्या नेहमीच्या भक्ष्यासारखीच असते. मुलांना न्यायचे असेल तर अ‍ॅलिगेटर नसलेल्या किनाऱ्यावर न्यावे.

तपासणी: बरोबर दुसरी व्यक्ती आहे का? आपण कोठे उतरणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगितले आहे का? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नाही असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

४. उतरण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

गाडीतून उतरल्यावर सर्वांना घाई झालेली असते आणि हीच पायरी गाळली जाते. सूर्य पूर्ण वर आल्यानंतर, काठावर उभे राहून, दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे पाणी आणि गवताची कड सावकाश पाहावी. पाण्यातला अ‍ॅलिगेटर ओंडक्यासारखा दिसत नाही. त्याचे फक्त डोळ्यांचे दोन उंचवटे आणि पुढे नाकपुड्यांचा एक उंचवटा एवढेच वर असते. ओंडका वाऱ्याबरोबर वाहतो. उंचवट्यांचा हा त्रिकोण मात्र एका जागी थांबतो, किंवा वाऱ्याच्या विरुद्ध सरकतो.

डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, तितके फूट त्याची लांबी, हा ठोकताळा बऱ्यापैकी खरा ठरतो. आठ इंच दिसले तर आठ फुटांचा प्राणी. चार फुटांहून मोठा एकही दिसला, तर ती जागा सोडून द्यावी.

मग चिखल पाहावा. काठावरून पाण्यात उतरणारी, पोट घासून गुळगुळीत झालेली घसरण आणि तिच्या मधोमध शेपटीची रेघ दिसली, तर ती त्याची नेहमीची वाट आहे. गवत आणि चिखल मिळून केलेला दोन-तीन फूट उंचीचा ढीग हे घरटे असते. काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली लहान पिल्ले दिसली किंवा त्यांचा बारीक, तुटक आवाज आला, तर आई जवळच आहे असे समजून त्याच पावली मागे फिरावे. पिल्लांचे छायाचित्र काढण्यासाठी थांबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हात धरून मागे आणावे लागले आहे.

५. पाण्यात चालणे

मोकळ्या वाळूवरूनच उतरावे. पाऊल उचलून टाकू नये, तर तळाशी घासत पुढे सरकवावे, म्हणजे वाळूत लपलेले पाकट आधीच बाजूला निघून जाते. गवताच्या कडेपासून किमान पंचवीस-तीस मीटर आत जाऊन मग किनाऱ्याला समांतर चालावे. रेडफिश गवताच्या कडेला असतात हे खरे, पण म्हणून आपण तेथे असण्याची गरज नाही. गळ बाहेरून गवताकडे फेकता येतो, आणि त्यामुळे मासेही कमी बुजतात.

पाण्याची खोली मांडीपर्यंतच ठेवावी. कमरेच्या वर पाणी असेल तर वळणेही संथ होते आणि मागचे काही दिसत नाही. दोघांनी एकमेकांपासून दहा-पंधरा मीटरवर, एकाच वेगाने चालावे. दर पाच मिनिटांनी दोघांपैकी एकाने गळ थांबवून पूर्ण गोल फिरून पाहायचे, आणि पाळी बदलायची. कालवांच्या खडकावरून चालणे टाळावे. तेथे पडल्यावर होणारी जखम या पाण्यात फार महाग पडू शकते.

६. गळ टाकणे

पाण्यावर फटफटणारी खोटी आमिषे आणि डुबुक असा आवाज करणारा पॉपिंग कॉर्क ही येथील आवडती साधने आहेत. जखमी माशाचा भास निर्माण करणे हेच त्यांचे काम असल्यामुळे अ‍ॅलिगेटरही त्यांच्यामागे येतो. ज्या पाण्यात तो असण्याची शक्यता अधिक आहे, तेथे मी पाण्याखालून जाणारे रबरी आमिषच वापरतो. जिवंत कोळंबीचा डबा कमरेला लटकवू नये.

मासा लागल्यावर त्याला दमवत बसू नये. पुरेसा जाड दोर वापरून तो लवकर जवळ घ्यावा, कारण पाण्यात जितका वेळ धडपड तितका वेळ निमंत्रण. अ‍ॅलिगेटरने लागलेला मासा पकडला, किंवा आमिषच त्याच्या तोंडात गेले, तर दोर ताबडतोब कापावा. मासा सोडवून घेण्याचा प्रयत्न करू नये. त्या प्रयत्नात आपण त्याला आपल्याकडेच ओढत असतो.

७. मासा कोठे ठेवायचा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. आखाती किनाऱ्यावर मासे दोरीत ओवून ती दोरी, म्हणजे स्ट्रिंगर, कमरेच्या पट्ट्याला बांधण्याची जुनी पद्धत आहे. मासे जिवंत आणि ताजे राहतात हे खरे, पण रक्ताचा वास आणि सतत होणारी धडपड आपण स्वतःच्या मागे ओढत नेत असतो.

एका जूनमध्ये, सूर्यास्ताला तासभर उरला असताना, माझ्या पट्ट्याला सहा फुटांच्या दोरीवर दोन रेडफिश होते. दोरीला हिसका बसला तेव्हा मासाच जोर करतो आहे असे मला वाटले. दुसरा हिसका माझा तोल जाईल इतका मोठा होता. मागे पाहिले तर मासे पाण्यात दिसतच नव्हते, त्यांच्या जागी एक रुंद, काळे नाक होते. पाण्याने फुगलेली गाठ सुटेना. शेजारच्या मित्राने येऊन दोरी कापली. त्याचा चाकू छातीवर होता आणि माझा पिशवीच्या तळाशी होता, एवढाच आम्हा दोघांत फरक होता.

त्यानंतर मी हा क्रम पाळतो. अ‍ॅलिगेटर असलेल्या पाण्यात मासा अंगाला बांधत नाही. मासा ठेवायचा असेल तर तो घेऊन लगेच किनाऱ्यावर येतो, गाडीतील बर्फाच्या पेटीत टाकतो आणि पुन्हा उतरतो. यात वेळ जातो, पण खेप लहान राहते आणि दर वेळी किनाऱ्यावरून नव्याने पाहणीही होते. ज्यांची गाडी फार दूर आहे, त्यांनी मापात बसणाराही मासा सोडून द्यावा. तरंगणारी, झाकणाची टोपली वापरणे स्ट्रिंगरपेक्षा बरे, परंतु वास तिच्यातूनही पाण्यात पसरतच असतो. ती वापरायचीच असेल तर दोरी किमान पंधरा फुटांची आणि एका ओढीत सुटणाऱ्या कडीची असावी. मनगटाला ती कधीही गुंडाळू नये.

तपासणी: डोळे मिटून, एकाच हाताने, टोपलीची कडी तीन सेकंदांत सोडवता येते का हे कोरड्या जमिनीवर करून पाहावे.

८. अ‍ॅलिगेटर दिसल्यावर

दूरवर, शंभर मीटरपलीकडे, एका जागी स्थिर असेल तर जोडीदाराला सांगावे, त्याची जागा लक्षात ठेवावी आणि विरुद्ध दिशेने चालू लागावे. तो दिसत असेपर्यंत एकाने नजर त्याच्यावरच ठेवायची.

त्याचे तोंड आपल्या दिशेला वळले, किंवा आमिषाच्या मागे तो सरकू लागला, तर गळ टाकणे थांबवावे. हातातला मासा किंवा टोपली सोडून द्यावी. दोघांनी जवळ यावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून, ठरवलेल्या मोकळ्या जागेकडे मागे सरकावे. येथे एक चूक घाबरलेली माणसे हमखास करतात: ती पाय उचलून धावू लागतात आणि पाकटावर पाय देतात. मागे जातानाही पाय घासतच न्यावेत. जवळची म्हणून गवताची कड धरू नये, कारण तेथे आणखी एखादा असू शकतो.

जवळ येत असताना तो पाण्याखाली गेला तर तो निघून गेला असे मानू नये. त्या क्षणापासून थांबणे नाही.

जमिनीवर तो दिसला, तर किमान ३० फुटांचे अंतर ठेवावे. त्याचा फुत्कार ऐकू आला तर अंतर आधीच फार कमी झालेले असते. हळूहळू मागे यावे, आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये उभे राहू नये. त्याला खाऊ घालणे हा टेक्सस आणि फ्लोरिडा या दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. नको असलेला मासा त्याच्याकडे भिरकावणे हेही खाऊ घालणेच आहे, आणि माणूस म्हणजे अन्न हे त्याला असेच शिकवले जाते.

चावा बसलाच, तर निपचित पडून राहू नये. त्याच्या नाकावर आणि डोळ्यांवर सर्व शक्तीनिशी मारत राहावे, ओरडावे, आणि जबडा सैल होताच पाण्याबाहेर पडावे. लहानशा चाव्यासाठीही रुग्णालयात जावे, कारण त्याच्या तोंडातील जंतूंमुळे जखम चिघळते.

९. इतर जखमा

पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४३ ते ४५ अंश सेल्सिअस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना त्याने लक्षणीय कमी होते, आणि थर्मास त्यासाठीच. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नये आणि ९११ ला फोन करावा.

कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू असतो आणि तो लहानशा खरचट्यातूनही शरीरात शिरतो. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नये. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी उन्हाळ्यात हा धोका पत्करू नये. पाण्यात झालेली प्रत्येक जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. काही तासांत लाली पसरू लागली, असह्य दुखू लागले, फोड आले किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि खाडीच्या पाण्यात जखम झाली आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

१०. बाहेर पडणे आणि आवराआवर

सूर्यास्तापूर्वी किमान एक तास आधी दोघेही कोरड्या जमिनीवर असावेत. अ‍ॅलिगेटर संधिप्रकाशात आणि रात्री सर्वाधिक सक्रिय असतो, आणि त्या प्रकाशात आपल्याला त्याचे उंचवटे दिसत नाहीत. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर त्याच क्षणी बाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नये.

मासे काठावर साफ करू नयेत. आतडी आणि डोकी पाण्यात टाकली की त्या जागी अ‍ॅलिगेटर रोज येऊ लागतो, आणि पुढच्या शनिवारी तेथे उतरणाऱ्या अनोळखी माणसाला ते कळण्याचा मार्ग नसतो. मासे बर्फात ठेवून घरी न्यावेत, आणि कचरा घट्ट बांधलेल्या पिशवीतून घरच्या कचऱ्यात टाकावा. माणसांना न घाबरता जवळ येणारा अ‍ॅलिगेटर आढळला असेल, तर जागा आणि वेळ टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाला कळवावी. निघण्यापूर्वी बूट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावेत, आणि चाकू पुसून पुन्हा छातीच्या पट्ट्यावरच लावून ठेवावा.